कुणाचा वाटा किती

साव्वाती कुज्मिच आणि त्याची बायको कापितोलिना, म्हणजे कापा, यांचं लग्न झालं त्या वर्षापासून त्यांच्या घरात एक भांडण मुक्कामाला होतं. मुलं झाली, मोठी झाली, एक मूर्मान्स्कला गेला, एक लेनिनग्रादला. अर्खांगेल्स्कच्या सोलोम्बाला भागातलं जुनं लाकडी घर पाडलं, त्यांना नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. सामानाबरोबर भांडणही तिसऱ्या मजल्यावर चढलं. विषय एकच. हिटलरविरुद्धचं युद्ध जिंकलं ते कुणी?

"आम्ही. आणखी कोण?" साव्वाती म्हणायचा.

"तुम्हीच. पण उपाशीपोटी जिंकला असतात का?"

"डबे पाठवले त्या इंग्रज-अमेरिकनांनी, डबे! डुकराच्या मांसाचे. आम्ही माणसं पाठवली. आमच्या तुकडीत त्या डब्याला काय म्हणायचे ठाऊक आहे? 'दुसरी आघाडी'! डबा फोडायला घेतला की म्हणायचो, चला रे, दुसरी आघाडी उघडू या. हिटलरवर पश्चिमेकडून चालून जायची खरी आघाडी उघडायला त्यांना तीन वर्षं लागली."

"ठाऊक आहे. तुझ्या पोरांनाही पाठ झालंय."

"आणि माझ्या आईला, बहिणीला त्या भुकेच्या हिवाळ्यात कुणी जगवलं? इंग्रजांनी? अमेरिकेनं? सीलनं जगवलं, पांढऱ्या समुद्रातल्या सीलच्या मांसानं! पुतळा उभारायचाच असेल तर चौकात सीलचा उभारा."

यावर कापा हसायची, आणि ती हसली की साव्वाती आणखी भडकायचा. पण कितीही भडकला तरी एक गोष्ट तो विसरत नसे. आवाज चढवण्याआधी उठून खिडकीची वरची छोटी झडप लावून घ्यायचा. स्वतःसाठी नव्हे. तो जे बोलायचा ते कुणीही ऐकावं असंच होतं. कापा जे बोलायची ते शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून.

त्यालाही कारण होतं. युद्ध सुरू झालं तेव्हा कापा सतरा वर्षांची होती. अर्खांगेल्स्कमधल्या एका शाळेचं इस्पितळ केलं होतं, तिथं ती खाटा सांभाळायची. मदतीचा माल घेऊन येणारी जहाजं वाटेत बुडत आणि त्यांवरचे खलाशी उघड्या होड्यांतून दिवस-दिवस समुद्रावर भरकटल्यावर तिच्या खाटांवर येत. इंग्रज, अमेरिकन, एक-दोघे नॉर्वेचे. पाय सुजून काळे पडलेले असत. डॉक्टर बोटं काढत, कुणाची घोट्यापर्यंत पावलं काढत, आणि झाकलेलं भांडं बाहेर नेण्याचं काम कापाकडे असे. तिच्याबरोबर आग्निया नावाची मुलगी होती. हसरी. रुग्णांकडून त्यांच्या भाषेतलं एक गाणं शिकली होती. युद्ध संपल्यावर एका सकाळी गुप्त पोलीस तिला घरून घेऊन गेले. परक्यांशी संबंध, एवढंच कारण कळलं. आग्निया परत आली ती दहा वर्षांनी, आणि मग कुणी कितीही म्हटलं तरी गायली नाही.

म्हणून कापा बाहेर चकार शब्द काढत नसे. भांडायची ती फक्त नवऱ्याशी, स्वयंपाकघरात, झडप लावल्यावर.

साव्वातीचं दुखणंही साधं नव्हतं. एक तर त्याचा बाप. एकोणीसशे अठरा साली, क्रांतीनंतरच्या यादवीत, इंग्रजांनी शहर घेतलं तेव्हा त्याच्या बापाला समोरच्या मुद्युग बेटावर कोंडलं होतं. सुटून आला तेव्हा तोंडात एकही दात उरला नव्हता. साव्वातीला आठवायचा तो पाव पाण्यात भिजवून चोखणारा बाप. आणि दुसरा नाझार. नाझार त्याच्या तुकडीतला, पिनेगा नदीकाठचा लाकूडतोड्या. चव्वेचाळीसच्या जानेवारीत नोव्हगोरोदजवळच्या दलदलीत साव्वातीच्या मांडीत आणि पोटात तोफगोळ्याचे तुकडे घुसले तेव्हा नाझारनं त्याला तंबूच्या कापडावर घातलं आणि गोळीबारातून ओढत नेलं. ती गोष्ट कापानं किती वेळा ऐकली असेल याची गणतीच नाही. दर वेळी ती एकाच जागी संपायची : "नाझार ओढत होता आणि मी आकाश बघत होतो. डोळे उघडले ते इस्पितळात." त्याच आठवड्यात नाझार गेला. त्याचं थडगंसुद्धा कुठं आहे ते सापडलं नाही.

एक्क्याण्णवच्या ऑगस्टमध्ये शहरात बातमी पसरली की त्या जहाजांवरचे म्हातारे खलाशी येणार आहेत. पन्नास वर्षं झाली म्हणून. देशाचं सगळंच डळमळत होतं. मॉस्कोत नुकतेच रस्त्यांवर रणगाडे येऊन गेले होते, झेंडा बदलला होता, दुकानात मीठ आणि व्हिनेगर सोडून फळीवर काही नसायचं. माजी सैनिकांच्या मंडळानं घरोघरी विचारलं : एका पाहुण्याला दुपारचं जेवण कोण घालील?

कापा हो म्हणून आली आणि मग घरी सांगितलं.

"माझ्या टेबलावर?" साव्वाती म्हणाला.

"टेबल माझ्या आईचं आहे. तू फक्त त्याचा एक पाय बदललास."

"मी जेवणार नाही त्याच्याबरोबर."

"नको जेवूस. समोर बसून बघ."

तो दोन दिवस घुम्यासारखा वावरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "येऊ दे. बरंच झालं. माझं म्हणणं आजवर मी तुलाच सांगत आलो. आता ज्याला सांगायचं त्यालाच सांगतो."

आता नको म्हणावं असं कापाला वाटलं. पण शब्द दिला होता. पुतण्या मासेमारीच्या बोटीवर होता, त्यानं मोठा कॉड आणून दिला. शहराबाहेरच्या वाफ्यातले बटाटे होते, खारवलेली अळंबी होती, दलदलीतून वेचलेली पिवळी मोरोश्काची फळं होती. तिनं पहाटे पीठ मळलं, आख्खा मासा आत घालून भाजलेला पाव केला, वर पिठाचेच खवले काढले. साव्वाती आरशासमोर उभा राहून कोटावर पदकं लावत होता.

"लग्नाला चाललायस?" तिनं विचारलं.

"लढाईला," तो म्हणाला.

पाहुणा आला तो ताइसियाबरोबर. ताइसिया शाळेत इंग्रजी शिकवायची, दुभाषी म्हणून तिला नेमलं होतं. मागे एक उंच, वाळका म्हातारा, हातात काठी, आणि चाल अशी की बदक पाण्यातून नुकतं बाहेर आलंय. कापा दारातच थबकली. ती चाल तिनं ओळखली. पायाला बोटं नसली की माणूस असाच टाचांवर डुलत चालतो.

त्याचं नाव विल्फ्रेड टॅन्सली. रशियन घरात शिरताना बूट काढायचे असतात हे त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. काठी भिंतीला टेकवून तो कष्टानं वाकला आणि आपल्या जाडजूड, मुद्दाम घडवलेल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. चेहऱ्यावर लाज होती.

"नको, नको! राहू देत," कापा म्हणाली. ताइसियानं भाषांतर करायच्या आतच ती ओलं फडकं घेऊन खाली बसली आणि त्याच्या पायांतले बूट तिनं पुसून काढले, आधी एक, मग दुसरा, तळासकट. म्हातारा भिंतीला धरून उभा. खोलीच्या दारात पदकं लावून उभ्या असलेल्या साव्वातीनं ते सगळं पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

टेबलाशी बसल्यावर पाहुण्यानं पिशवीतून चहाचा आणि बिस्किटांचा असे दोन रंगीत पत्र्याचे डबे काढून ठेवले.

"घ्या. पुन्हा डबे," साव्वाती म्हणाला.

ताइसियानं याचं भाषांतर केलं नाही.

"काय म्हणाले ते?" पाहुण्यानं विचारलं.

"आभार मानताहेत."

"चेहऱ्यावरून तसं वाटत नाही," पाहुणा म्हणाला आणि हसला. ताइसियानं हे मात्र इमानदारीत सांगितलं. साव्वातीच्या मिशा हलल्या. पण तो हसला नाही.

"बापाचं नाव काय तुमच्या?" रशियन रीतीनं नावापुढं बापाचं नाव लावायचं म्हणून त्यानं विचारलं.

"हर्बर्ट."

"तर मग विल्फ्रेड हर्बर्तोविच, ऐका. तुम्ही पाहुणे आहात, तुमचा मान मी ठेवतो. पण मनात एक आणि ओठांवर एक असं मला जमत नाही." त्यानं व्होडकाचे ग्लास भरले. पहिला भेटीसाठी घेतला, दुसरा घरधनिणीसाठी. आणि मग सुरू झाला. दुसरी आघाडी उघडायला लावलेला उशीर. रक्ताच्या जागी धाडलेले डबे. त्याच्या गावातून गेलेले किती आणि परतलेले किती. बोलता बोलता तो बापावर आला. "ती समोर नदी दिसते ना, तिच्या मुखाशी एक बेट आहे. अठरा साली तुमच्या लोकांनी माझ्या बापाला तिथं कोंडलं. गेला तेव्हा अक्रोड दातांनी फोडायचा. आला तेव्हा पाव चोखत होता."

"साव्वाती कुज्मिच!" कापा ओरडली.

"सांग त्यांना, ताइसिया. सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

ताइसियानं सांगितलं. तिचा आवाज खाली खाली जात होता. पाहुणा मान घालून ऐकत होता.

"या बेटाबद्दल मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "आम्हाला कुणी शिकवलं नाही. मला वाईट वाटतं."

"आणि आघाडीचं?"

"उशीर झाला. खरं आहे."

"डब्यांचं?"

"डबे होते. रणगाडे, विमानंही होती. पण तुमची माणसं मेली, तेही खरं आहे. युद्ध तुम्ही जिंकलंत."

साव्वातीनं काटा खाली ठेवला. इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं हत्यार उपसावं आणि समोरच्यानं म्हणावं, या, मारा. त्याला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"मग आलात कशाला?" तो जवळजवळ पुटपुटला.

पाहुण्यानं ग्लासाच्या काठावरून बोट फिरवलं.

"एक विचारायला आलोय," तो म्हणाला. "आमच्या जहाजावर आयव्हर प्रॉसर नावाचा स्वयंपाकी होता. वेल्सचा. दोन मुली होत्या त्याला. जहाज फुटलं तेव्हा तो खाली भटारखान्यात होता, वर आलाच नाही. जहाजाच्या पोटात रणगाडे होते आणि मांसाचे डबे. सगळं तळाशी गेलं. मी होडीत होतो. मग इथं, तुमच्या डॉक्टरांच्या हाती. परत गेल्यावर त्याच्या बायकोला भेटलो. पुढंही दर वर्षी नाताळात जायचो. मागच्या खेपेला तिनं मला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. एका विद्वानानं लिहिलं होतं, आपण रशियाला जे पाठवलं ते थोडंच होतं, त्याशिवायही ते जिंकलेच असते. वाचून झालं आणि तिनं विचारलं, 'विल्फ्रेड, म्हणजे आयव्हर कशासाठी बुडाला?' मला उत्तर देता आलं नाही. ती ऐंशीची आहे. तुम्ही तिथं होता, साव्वाती. शिष्टाचार नको. त्याचे भरपूर झाले, दोन दिवस भाषणंच ऐकतोय. मला खरं सांगा. त्याचा उपयोग झाला का?"

ताइसियानं शेवटचं वाक्य सांगितलं आणि पाण्याचा घोट घेतला. खालून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता.

कापा नवऱ्याकडे बघत होती. तिला वाटलं, आता हा म्हणेल, नाही. साव्वाती खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि आयुष्यभर त्यानं हेच तर म्हटलं होतं. तिनं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो हात धरला आणि घट्ट धरूनच ठेवला.

"तुमच्या जहाजाचा नाही झाला," साव्वाती म्हणाला. "जे तळाशी गेलं ते कुणाच्या पोटात गेलं नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

पाहुण्यानं मान हलवली.

"थांबा. माझं संपलं नाही. नाझार नावाचा माझा एक मित्र होता. मी जखमी झालो तेव्हा त्यानं मला कापडावर घालून ओढत नेलं. ही गोष्ट माझ्या बायकोला पाठ आहे."

"आहे," कापा हळूच म्हणाली.

"तिला अर्धीच पाठ आहे." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "त्या जानेवारीत दलदल गोठली नव्हती. अवेळी वितळली होती. कमरेएवढा चिखल. घोडे बुडत होते. नाझारनं मला रस्त्यापर्यंत आणलं. रस्ता कसला, लाकडाचे ओंडके टाकले होते. तिथं जखमींची रांग होती आणि न्यायला काही नव्हतं. आमच्या गाड्या चिखलात रुतून बसलेल्या. पोटातून रक्त जात होतं. डॉक्टरीण आली, बघून पुढं गेली. मला कळलं. नाझारलाही कळलं. तो माझ्याजवळ बसून राहिला. आणि मग संध्याकाळी एक ट्रक आला. अमेरिकन. सहाच्या सहा चाकं जोर लावणारा. चिखलातून असा आला जसा रेडा डबक्यातून येतो. नाझारनं मला उचलून आत टाकलं, अक्षरशः टाकलं, आणि तो मागं आपल्या तुकडीकडे गेला. मी त्याचा चेहरासुद्धा नीट पाहिला नाही."

ताइसिया भाषांतर करता करता मध्येच थांबली, नाक पुसलं, पुन्हा सुरू झाली.

"इस्पितळात शल्यवैद्य म्हणाला, आणखी तासभर उशीर झाला असता तर हात लावला नसता." साव्वातीनं आता पाहुण्याकडे पाहिलं. "तो ट्रक तुमच्या समुद्रातून आला की इराणवरून, मला ठाऊक नाही. पण कुठल्यातरी जहाजातून आलाच असेल. आणि प्रत्येक जहाजावर कुणीतरी स्वयंपाकी असेलच. निघताना त्यांना थोडंच ठाऊक होतं कुठलं पोचेल आणि कुठलं नाही? सगळे निघाले म्हणून काही पोचले. म्हणजे तुमच्या आयव्हरचंही त्या ट्रकला बोट लागलंय. युद्ध आम्ही जिंकलंच असतं, विल्फ्रेड हर्बर्तोविच. हे मी मागे घेणार नाही. आज नाही तर पुढच्या वर्षी जिंकलं असतं, आणखी दहा-वीस लाख पुरून जिंकलं असतं. पण त्या पुरलेल्यांत मी असतो. ही बाई दुसऱ्या कुणाची तरी असती, नाहीतर कुणाचीच नसती. माझे दोन मुलगे नसते. विजयात तुमचा वाटा किती ते विद्वानांना मोजू दे. माझ्यात तुमचा वाटा आहे. त्या बाईला जाऊन सांगा, मी बघून आलो, दोन मुलगे आहेत, तीन नातवंडं आहेत, म्हातारा अजून भांडतो."

पाहुण्यानं ते ऐकलं. तो रडला नाही. टेबलावर ठेवलेले त्याचे मोठे हात मात्र बराच वेळ एकमेकांना घट्ट धरून होते. मग त्यानं ताइसियाला काहीतरी विचारलं.

"ते विचारताहेत, सुरुवातीला ज्यांनी तुम्हाला ओढलं त्यांचं नाव पुन्हा सांगाल का? त्यांना लक्षात ठेवायचंय."

"नाझार," साव्वाती म्हणाला. "नाझार शुब्नी."

"नाझार शुब्नी," म्हातारा आपल्या जिभेनं कसंबसं म्हणाला. मग आणखी एकदा, जरा बरं.

साव्वातीनं तिसरा ग्लास भरला. तिसरा गेलेल्यांसाठी, तो उभं राहून आणि ग्लासाला ग्लास न लावता घ्यायचा. पाहुण्याला ते ठाऊक नव्हतं. त्याचा ग्लास पुढं आला. कापानं हळूच त्याचं मनगट धरलं आणि थांबवलं, आणि तिचा हात तसाच त्याच्या मनगटावर राहिला. सगळे उभे राहिले.

"आयव्हर आणि नाझार," साव्वाती म्हणाला.

नंतर मासा संपला, मोरोश्का संपली. कापानं विचारलं, त्याच्या पायांची बोटं कुठल्या इस्पितळात कापली? शाळेच्या इमारतीत, तो म्हणाला, भिंतीवर फळा तसाच होता. ती त्याला आठवते का? नाही, तो ओशाळून म्हणाला, ताप होता, मुली खूप होत्या, सगळ्यांनी डोक्याला पांढरे रुमाल बांधलेले. तिलाही तो आठवत नव्हता. खाटा भरत होत्या, रिकाम्या होत होत्या. "पण एक मुलगी गायची," तो म्हणाला. "आमचंच गाणं, सगळे शब्द चुकवत. आम्ही हसायचो. हसलं की दुखायचं."

कापानं हातातली बशी खाली ठेवली.

"आग्निया," ती म्हणाली. पुढचं काही सांगितलं नाही. ताइसियाही न विचारण्याइतकी जाणती होती. थोड्या वेळानं कापाच म्हणाली, "ती इथंच राहते, पलीकडच्या गल्लीत. उद्या तुमचं जहाज निघायच्या आत तिला घेऊन येते. गाणार नाही ती. पण तुम्ही तिला सांगा की हसायचात."

बस सुटायची वेळ झाली तेव्हा सगळे खाली उतरले. दोन्ही म्हातारे पुढं, ताइसिया त्यांच्या मध्ये, कापा मागं. एक उजव्या पायानं लंगडा, एक दोन्ही पायांनी. साव्वाती पुन्हा आपल्या सुरात आला होता.

"पण तीन वर्षं उशीर, ते तिकडं जाऊन सांगा हं! ते मी सोडणार नाही."

आणि पाहुणा पहिल्यांदाच फिरून म्हणाला, "आणि तुमची विमानं? आम्ही किनाऱ्याजवळ बुडत होतो तेव्हा तुमची विमानं कुठं होती?"

"आमची विमानं!" साव्वाती रस्त्यातच थांबला. "आमची विमानं कुठं होती, विचारतो! ताइसिया, याला सांग..."

ताइसियाला दोघांचं सांगता सांगता दम लागला. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही सरळ भांडा बाई, मी काही मध्ये पडत नाही." आणि ते खरंच सरळ भांडायला लागले, एक रशियनमध्ये, एक इंग्रजीत, हातवारे करत, थांब्यापर्यंत. बस आली तेव्हा साव्वातीनं पाहुण्याला काखेत हात घालून पायरीवर चढवलं.

घरी परतल्यावर कापानं भांडी घासायला घेतली. ऑगस्टची संध्याकाळ लांबते, खिडकीतून अजून ऊन येत होतं. साव्वाती कोट काढून, पदकांचं ओझं खुर्चीवर टाकून बसला होता. ती त्याच्याकडे पाठ करून बोलली.

"मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

"तू जिंकली असतीस."

"थट्टा नको, साव्वाती."

साव्वातीनं खुर्चीवरची पदकं सरळ केली. मग म्हणाला, "नाझारचं थडगं नाही. बायको नव्हती, पोर नव्हतं. त्याच्या नावावर एकच गोष्ट होती, मला वाचवल्याची. त्यात आणखी कुणाला वाटेकरी करावं असं मला वाटेना. ट्रकनं चाळीस माणसं नेली असतील. नाझारपाशी मी एकटाच होतो."

कापानं हात पुसले. त्याच्या शेजारी येऊन बसली. रडू येत होतं ते तिनं येऊ दिलं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, जड, लाकूडगिरणीत काम करून राठ झालेला हात.

"आज कमी झालं का त्याचं काही?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. त्याचं त्यालाच थोडं नवल वाटलं. "उलट आता तिकडं इंग्लंडात एक माणूस त्याचं नाव घेईल. वाकडंतिकडं का होईना."

"आणि तो ट्रकवाला? कसा होता?"

"तोंड दिसलंच नाही. मी आडवा. पण शिव्या ऐकल्या सगळ्या वाटेनं. वोलोग्दाकडचा होता." आणि साव्वातीनं वोलोग्दाच्या लोकांसारखे ओकार लांबवत त्या अनोळखी माणसाच्या दोन शिव्या म्हणून दाखवल्या. एक चिखलाला, एक हिटलरच्या आईला. कापा ओल्या डोळ्यांनी हसायला लागली. त्याला जोर चढला. ट्रकमध्ये शेजारी एक सार्जंट होता, बेशुद्धीत बायकोशी बोलायचा. कोपऱ्यात एका जखमीच्या कुशीत कोंबडी होती, जिवंत, कुठून आणली देव जाणे.

"कोंबडी?" कापा म्हणाली. "कोंबडीचंसुद्धा सांगितलं नाहीस?"

"कोंबडी ट्रकमध्ये होती ना. ट्रक नाही तर कोंबडी कुठून सांगू?"

"आणखी काय काय आहे त्या ट्रकमध्ये?"

"आहे बरंच."

"मग थांब जरा," ती म्हणाली आणि उठून किटली भरायला गेली. "चहा ठेवते. पहिल्यापासून सांग."